सिंगल कॉइल गिटार आणि पेडल्स: घूं, झर्र आणि शिट्टी. नॉईज गेट घ्यावा की आधी दुसरं काही?

खर्जातली_तार

नमस्कार मंडळी. सेटअप असा आहे: तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं चुंबक आणि कॉइल) स्ट्रॅट पद्धतीची गिटार, ६ मीटर केबल, मग ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, हाय-गेन डिस्टॉर्शन, डिजिटल डिले, रिव्हर्ब आणि १५ वॉटचा ट्यूब काँबो अँप. पाचही पेडल्स ९ व्होल्ट, १ अँपिअरच्या एकाच अडॅप्टरवर माळेच्या वायरने जोडली आहेत. रेकॉर्डिंगला अँपच्या लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपला देणारा डबा), तिथून लॅपटॉप. पुण्यात जुन्या इमारतीतला फ्लॅट, वायरिंगही जुनंच.

त्रास: (१) सतत खर्जातली घूं, गिटार घेऊन वळलं की कमी-जास्त होते. (२) वर झर्र असा आवाज, तारांना हात लावला की कमी होतो. (३) डिजिटल डिले माळेत जोडला की डिस्टॉर्शनमधून बारीक शिट्टी. (४) लॅपटॉप जोडला की झर्र दुप्पट. अनवाणी असताना तारांना किंचित झिणझिण्याही येतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का माहीत नाही.

दोन प्रश्न. सहा-सात हजारांत कुठला नॉईज गेट (वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) घ्यावा? आणि अँपच्या प्लगची अर्थची पिन काढली की घूं जाते असं एकाने सुचवलंय, ते करावं का?

सोल्डरची_नळी

पिन काढू नका. हे आधी, बाकी सगळं नंतर.

ट्यूब अँपच्या आत ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो. इन्सुलेशन फाटून फेज चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) लागली तर करंट अर्थच्या वायरने निघून जातो आणि फ्यूज किंवा आरसीसीबी (करंट गळताच मेन तोडणारा स्विच) पडतो. पिन नसेल तर तो निघायची वाट बघत बसतो, आणि गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली असतात. घूं बहुधा कमी होईल, पण तुमच्या जिवावर.

झिणझिण्या हीच तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. सॉकेटला अर्थ आहे की नाही हे कळेपर्यंत अँप लावू नका. मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३०च्या आसपास आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. मेनच्या सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर हे काम वायरमनवर सोडा.

खर्जातली_तार

शेजारच्या वायरमन काकांकडून मोजून घेतलं, अँप आणि लॅपटॉप त्याच बोर्डवर जोडलेले ठेवून. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ११०. काका म्हणतात, न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला एक तुकडा टाकून देतो, काम होईल.

सोल्डरची_नळी

त्यांना थांबवा! तो तुकडा फार घरांत सापडतो आणि फार वाईट आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटली, किंवा बोर्डात फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेली असली, तर थेट २३० व्होल्ट अँपच्या चासीवर आणि तिथून तारांवर येतात.

११८ आणि ११० म्हणजे निम्मं-निम्मं. अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही, लोंबकळतेय. उपकरणांच्या फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे छोटे कपॅसिटर असतात, ते तिला मधल्या व्होल्टेजवर धरून ठेवतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. झर्र आवाजातही त्याचा वाटा आहे.

उपाय एकच. बोर्डातली हिरवी वायर विजेच्या मीटरपाशी इमारतीच्या अर्थला जोडलेली आहे का ते शोधायचं. नसेल तर पुरेशा जाडीची नवी तांब्याची वायर तिथपर्यंत ओढायची. मग फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा साधा बल्ब लावून पाहायचा, तो पूर्ण पेटायला हवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल. त्यावरून अर्थ कुठेतरी पोचतोय एवढं कळतं, तो चांगला आहे याची खात्री मात्र पटत नाही. आरसीसीबी नसेल तर याच फेरीत बसवून घ्या. गेटसाठीचे पैसे इकडे घाला.

मधला_पिकअप

अर्थ झाल्यावर आवाज कुठून येतोय ते क्रमाने शोधा. गेटचा विचार आत्ता नको.

अँपमध्ये काहीच न जोडता आवाज नेहमीच्या ठिकाणी ठेवा. बहुतेक अँपमध्ये प्लग नसताना इनपुट जॅक आतून ग्राउंडला जोडलेला असतो, त्यामुळे आता ऐकू येतं ते फक्त अँपचं. हलकी स्स चालेल. जाड गुणगुण आली तर १०० हर्ट्झची आहे का बघा. ती रेक्टिफायरनंतरच्या फिल्टर कपॅसिटरची असते आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून स्वतः उघडू नका.

मग गिटार थेट अँपला, व्हॉल्यूम शून्य. त्या स्थितीत गिटारचं पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा रोध) सिग्नल ग्राउंड करतं, म्हणून उरलेला आवाज केबलचा. व्हॉल्यूम १० केल्यावर जे वाढतं ते गिटारचं. नंतर एकेक पेडल वाढवत न्या, शेवटी लॅपटॉप. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण यात उडी मारली की चुकीची वस्तू विकत घेतली जाते.

ही चाचणी करताना खोलीतला पंखाही बंद-चालू करून बघा. गोल फिरणारा सलग इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅकवर (एसी चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालतो, प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये लाट कापतो आणि नेमका झर्र असाच आवाज सोडतो. टप्प्याटप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर शांत असतो. दिव्यांच्या डिमरचं तेच. स्वस्त एलईडी ट्यूब आणि चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर हेही जुने गुन्हेगार.

खर्जातली_तार

अर्थ झाला. मीटरपाशी वायर कापून नुसती टेप मारलेली होती. आता फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ १.४. झिणझिण्या पूर्ण गेल्या, झर्रही निम्मी झाली.

क्रमाने तपासलं: अँप एकटा स्वच्छ. व्हॉल्यूम शून्य, स्वच्छ. व्हॉल्यूम १० ला घूं आणि झर्र दोन्ही. पंख्याचा रेग्युलेटर बंद केला की झर्र आणखी कमी. पिकअप निवडायच्या स्विचच्या ५ पैकी २ आणि ४ या पोझिशनला घूं जवळजवळ नाही. शिट्टी फक्त डिले माळेत असतानाच. लॅपटॉप बॅटरीवर चालवला की त्याची भर शून्य.

मधला_पिकअप

म्हणजे चार वेगळी दुखणी, चार वेगळी औषधं.

घूं: ही मेनच्या ५० हर्ट्झची, चुंबकीय मार्गाने थेट कॉइलमध्ये शिरलेली. २ आणि ४ वर ती जाते कारण तुमचा मधला पिकअप उलट गुंडाळलेला, उलट ध्रुवाचा आहे आणि दोन कॉइल एकमेकींची घूं खोडतात. १, ३, ५ वर ती राहणारच. तांब्याची टेप लावून ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, कोणी कितीही सांगो. अँपपासून दीड-दोन मीटर लांब बसा, अडॅप्टर पेडलबोर्डच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि गिटार ९० अंशांत फिरवून शांत दिशा शोधा. रेकॉर्डिंगला हे पुरतं. कायमचं हवं असेल तर एकावर एक दोन कॉइलचे नॉईजलेस पिकअप. वरच्या पट्टीतली थोडी चमक मात्र त्यात जाते, माझ्या कानाला तो सौदा महाग वाटतो.

झर्र: ही विद्युत क्षेत्राची, आणि इथे टेप खरंच काम करते. तारांना हात लावल्यावर कमी होते याचा अर्थ ब्रिजची (तारा अडकवलेल्या धातूच्या भागाची) ग्राउंड वायर शाबूत आहे. (हात लावून वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागलेल्या असू शकतात. तारांनी फरक नाही पण जॅकच्या धातूला लावून फरक पडतो, तर ब्रिजची वायर सुटलेली.)

साहित्य: ५० मिलिमीटर रुंदीची तांब्याची टेप ३ मीटर, चिकटवणारी बाजूही वीजवाहक आहे असं लिहिलेलीच. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर बसत नाही, ती आणू नका. ६०/४० सोल्डर आणि ४० ते ६० वॉटची चपट्या टोकाची सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न). २५ वॉटची पॉटच्या पाठीवर तापतच नाही. मग माणूस ती दाबून धरतो आणि आतला कार्बनचा ट्रॅक जळतो.

तारा काढा, पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची पाटी) उलटा, वायरींचा फोटो काढा. पिकगार्डखालच्या खळग्याच्या तळाला आणि भिंतींना टेप लावा, प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर ५-६ मिलिमीटर चढवून. भिंतीची टेप वरच्या कडेवर थोडी मुडपा, म्हणजे पिकगार्डच्या पाठीची टेप तिथे टेकेल. पिकगार्डची पूर्ण पाठ मढवा. दर सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका, कारण चिकटवणारा थर वर्षा-दोन वर्षांत दगा देऊ शकतो. खळग्यातल्या टेपवरून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर. शेवटी मीटरने कोणत्याही दोन टोकांमध्ये १ ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. स्टार ग्राउंडिंगवर (सगळ्या ग्राउंड वायरी एकाच बिंदूला जोडणं) इंटरनेटवर महायुद्धं चालतात. गिटारच्या खळग्यातला लूप तळहाताएवढा असतो, त्याच्यामागे लागू नका.

नऊ_व्होल्ट

शिट्टी मी घेतो. डिजिटल डिलेच्या आतलं घड्याळ आणि पॉवर कन्व्हर्टर ९ व्होल्टच्या लाइनवर थरथर सोडतात, माळेत ग्राउंड सगळ्यांचं एकच, आणि डिस्टॉर्शन तेच शंभरपट करतं. अडॅप्टर १ अँपिअरचा असला तरी हा प्रश्न करंट पुरण्याचा नाही. खात्री करायला डिस्टॉर्शन ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. शिट्टी गेली तर निदान पक्कं.

उपाय आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक आउटपुट आतून वेगळं असलेला), निदान डिले आणि रिव्हर्बला स्वतंत्र आउटपुट. बाजारात ‘आयसोलेटेड’ छापलेले पण आत सगळं एकत्र असलेले डबे पुष्कळ. दुकानातच तपासा: सप्लाय बंद, काहीही न जोडता, मीटर बीपवर, दोन आउटपुटच्या मधल्या पिना एकमेकींना लावा. पेडलमध्ये मधली पिन ऋण असते, म्हणजेच ग्राउंड. बीप वाजला तर आयसोलेशन नाही, परत ठेवा.

स्वतः बनवलेलं एखादं पेडल असेल आणि त्यात ७६६० चिप (९ व्होल्ट उलटवणारी किंवा दुप्पट करणारी) असेल तर तीही बघा. ती साधारण १० किलोहर्ट्झवर चालते, म्हणजे कानाच्या पट्ट्यात. नावात पुढे ‘एस’ असलेल्या प्रकारात १ नंबरची पिन ८ नंबरला जोडली की ती ३५ किलोहर्ट्झच्या आसपास जाते आणि ऐकू येत नाही.

लॅपटॉप: तुमचा अडॅप्टर दोन पिनांचा असणार. त्याच्या फिल्टर कपॅसिटरमधून गळणारा करंट केबलच्या जाळीवरून अँपच्या अर्थकडे जातो. बॅटरीवर रेकॉर्ड करा, फुकटचा उपाय. नाहीतर लाइन-आउट आणि इंटरफेसच्या मध्ये १:१, ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. गिटार आणि पहिल्या पेडलच्या मध्ये मात्र तो लावू नका, पिकअपवर लोड येऊन आवाज मरतो. अगदी छोट्या गाभ्याचा स्वस्त ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झखाली बारीक पडतो आणि तुमची सहावी तारच ८२ हर्ट्झवर आहे, तेव्हा जरा बरा घ्या. स्वस्त यूएसबी आयसोलेटर बहुतेक १२ मेगाबिटवर थांबतात, ४८० मागणारा इंटरफेस त्यावर चालत नाही.

सोल्डरची_नळी

गेटबद्दलही लिहून टाकतो, कारण प्रश्न तोच होता. गेट आवाज काढत नाही, वाजवत नसताना दार लावतो. तुम्ही सूर लावलात की घूं सुराबरोबर आत. हाय-गेनच्या स्स आवाजाला दुसरा इलाज नाही, तिथे तो योग्य. बॉस एनएस-२ सारखा लूपवाला घ्या: गिटार इनपुटमध्ये, सेंडमधून ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, तिथून रिटर्न, आणि आउटपुट डिलेला. मग तो दार उघडायचं की नाही हे गिटारच्या स्वच्छ सिग्नलवरून ठरवतो. डिले-रिव्हर्बनंतर ठेवलात तर प्रतिध्वनीच्या शेपट्या कापल्या जातील. तारा हाताने झाकून थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली दार लागतं ती) वाढवत न्या, आवाज थांबला की तिथेच सोडा. त्याआधी डिस्टॉर्शनच्या गेनचं बटण (घड्याळाच्या काट्यासारखं धरून) तीन वाजल्यावरून एक वाजेपर्यंत आणून बघा. रिफ बहुधा जास्त स्पष्ट ऐकू येईल.

खर्जातली_तार

टेप लावली, सगळीकडे ०.४ ओहम. पण पिकगार्ड बसवून केबल लावली की आवाजच नाही! केबल न लावता जॅकवर मीटरने ६.१ किलोओहम येतंय.

मधला_पिकअप

जॅकच्या खोबणीत टेप लावलीत ना? प्लग आत गेला की टिपचं पातं मागे सरकतं आणि टेपला टेकतं. केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला टिप (प्लगचं टोक) आणि स्लीव्हमध्ये (प्लगची नळी) मोजा, शून्य येईल. पात्यासमोर इन्सुलेशन टेपचे दोन थर लावा, किंवा जॅक थोडा फिरवून पातं खोबणीच्या लांब बाजूला आणा. पाच पोझिशनच्या स्विचचे पायही पिकगार्ड बसल्यावर भिंतीला टेकतात, तिथेही एक पट्टी मारून ठेवा. दुसऱ्या टोकाला पुन्हा ६ किलोओहम दिसले की तारा चढवा.