एमडी-एमएसचं विद्यावेतन: खात्यात जमा, हातात शून्य. कोर्ट काय करणार?

ऑनकॉल (धागाकर्ता)

खासगी वैद्यकीय महाविद्यालयांतली पीजीची (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसची) फी आणि विद्यावेतन (शिकता शिकता रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरला कॉलेजने दरमहा द्यायचे पैसे) यावर वाद निघाला की सगळे "कोर्टाने काहीतरी करायला हवं" इथे येऊन थांबतात. माझ्या मते कोर्टाचं सांगून झालंय. टीएमए पै प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी सांगितलं की विनाअनुदानित संस्थेने फी ठरवावी, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन (प्रवेशासाठी घेतलेली देणगी) चालणार नाही. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमीच्या निकालातून फी आणि प्रवेशावर देखरेख करणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांच्या समित्या आल्या, मग २००५ मध्ये इनामदार आणि २०१६ मध्ये मॉडर्न डेंटल हे याच विषयावरचे निकाल. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने खासगी कॉलेजांची फी मंजूर करणारं शुल्क नियामक प्राधिकरण आहे. विद्यावेतनाचं तर त्याहून जुनं. मेडिकल कौन्सिलच्या (आताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आधीची संस्था) २००० च्या नियमावलीतच लिहिलं होतं की त्या राज्यातल्या सरकारी कॉलेजच्या पीजीला जेवढं मिळतं तेवढंच खासगीतल्यालाही द्यायचं.

मग अडतं कुठे? ओळखीतल्या एका रेसिडेंटचं (पीजी करता करता रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरचं) पासबुक पाहिलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात विद्यावेतन जमा, दोन-तीन दिवसांत तेवढीच रक्कम चेकने बाहेर. चेकबुक प्रवेशाच्या दिवशीच सह्या करून ऑफिसात दिलेलं. कागदावर कॉलेज एकदम स्वच्छ! हा एकट्यादुकट्याचा किस्साही नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पीजी विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन माहिती मागवली, तेव्हा पैसे मिळतच नाहीत आणि मिळाले तर परत घेतात, असं दोन्ही प्रकारचं मुलांनी लिहून दिलं होतं.

माझा प्रस्ताव साधा आहे. पुढच्या वर्षीची फी मंजूर करण्याआधी प्राधिकरणाने प्रत्येक रेसिडेंटच्या खात्याचा बारा महिन्यांचा उतारा थेट बँकेकडून मागवावा. कॉलेजकडून नको आणि पोराकडून तर नकोच, कारण त्याच्या थिसिसवर सही व्हायची असते.

ताळेबंद

असहमत. सरकारी कॉलेजात विद्यावेतन तिजोरीतून जातं. खासगीत कुठून जाणार? शिकवायचं रुग्णालय म्हटलं की खाटा भरलेल्या दाखवाव्या लागतात, म्हणजे केसपेपरचे दर पाडा, शिबिरं घ्या, ऑपरेशनं जवळजवळ फुकट करा. तिथे तोटाच असतो. राहिली फी. फी खर्चावर ठरते. विद्यावेतन खर्चात धरलं की तेवढी फी वाढणार, नाही धरलं तर संस्थेने खिशातून घालायचं. म्हणजे एका पोराचे पैसे दुसऱ्याच्या बापाकडून घ्यायचे. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा.

आणि पसंतीक्रम भरताना कुठलं कॉलेज किती देतं हे सगळ्यांना माहीत असतं. सीनियरला एक फोन केला की कळतं. जागा घेईपर्यंत गप्प आणि नंतर हक्क?

ऑनकॉल

@ताळेबंद, तोट्याचं गणित मान्य. मग संस्थेने ते प्राधिकरणापुढे उघड मांडावं, "आम्हाला परवडत नाही, फी एवढी वाढवा" म्हणावं. विद्यावेतन खर्चात दाखवून त्यावर फी मंजूर करून घ्यायची आणि तेच पैसे मागच्या दाराने परत घ्यायचे, ही दुहेरी वसुली झाली. यात तोटा कुणाचा?

"माहीत होतं" हा मुद्दा तर सोडाच. किमान वेतनापेक्षा कमी पगारावर कामगार राजी झाला म्हणून मालक सुटतो का?

जुना सर्जन

मी जरा उलट बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. रेसिडेंट हा शिकायला आलेला माणूस. त्याच्या हातून पहिलं अपेंडिक्स निघतं तेव्हा समोर कन्सल्टंट (शिकवणारा वरिष्ठ डॉक्टर) घाम पुसत उभा असतो. त्या शिकवण्याची किंमत कुणी धरत नाही. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. ते पगारासारखं मागायला लागलो तर उद्या सुट्ट्या, पीएफ, ओव्हरटाइम सगळं येईल, आणि मग शिकणं संपलं.

रात्रपाळी

सर, येऊ दे की! कन्सल्टंट सकाळी राउंडला येतात. रात्री कॅज्युअल्टीत कोण असतं? लागोपाठ छत्तीस तास उभं राहताना मी कर्मचारी, आणि पैशाची वेळ आली की विद्यार्थी. आयकरवाल्यांसमोर हेच पैसे शिष्यवृत्ती म्हणून करमुक्त धरावेत असं सांगतात. चालेल, शिष्यवृत्ती तर शिष्यवृत्ती. पण शिष्यवृत्ती परत मागणारा दाता मी अजून पाहिला नाही.

अपेंडिक्सबद्दल बोलायचं तर आमच्याकडे ते पहिल्या वर्षाला दिसतही नाही. पहिलं वर्ष रक्ताच्या बाटल्या आणण्यात आणि डिस्चार्ज कार्ड लिहिण्यात जातं.

बिनकामाचा_वकील

दोन्ही बाजूंना थोडं थोडं. खासगी कॉलेजविरुद्ध रिट (थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका) होत नाही हा गैरसमज आहे. अहमदाबादच्या एका ट्रस्टच्या प्रकरणात (आंदी मुक्ता, १९८९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की सार्वजनिक कर्तव्य करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. अडचण पुढे येते. कॉलेज कोर्टात बँकेचा उतारा ठेवतं, "दिले की आम्ही". मुलगा म्हणतो परत घेतले. झाला वस्तुस्थितीचा वाद. रिटमध्ये सहसा साक्षीपुरावे घेत बसत नाहीत. म्हणून धागाकर्त्याची बँकेकडून उतारा घ्यायची कल्पना मला पटते, फक्त त्यात जमेबरोबर नावेची (पैसे बाहेर गेल्याची) बाजूही बघायला हवी. नाहीतर तो उतारा कॉलेजच्याच कामाला येईल.

वेळेचंही बघा. आंध्र सरकारने २०१७ मध्ये एमबीबीएसची फी वर्षाला २४ लाख केली, आधीच्या सातपट. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कॉलेज वर गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला नोव्हेंबर २०२२ मध्ये. शिक्षण हा नफ्याचा धंदा नव्हे, जास्तीचे पैसे परत करा, वर ५ लाख खर्च भरा, असा खणखणीत निकाल. पण मधली पाच वर्षं पैसे वापरले कुणी? एमबीबीएसवाल्याचा जवळजवळ अख्खा कोर्स त्यात गेला. पीजी तर तीनच वर्षांचं.

नवीन_आलोय

पण आर्मी मेडिकलच्या केसमध्ये २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सरळ महिना २५,००० द्यायला लावले ना? म्हणजे कोर्टात जाऊन होतं.

बिनकामाचा_वकील

ते इंटर्न (एमबीबीएसच्या शेवटी सक्तीचं वर्ष करणारे) होते, पीजी नव्हेत. तिथे कॉलेज "आम्ही देतच नाही" असं उघड म्हणत होतं, म्हणून काम सोपं झालं. देतो म्हणून परत घेणाऱ्याला पकडणं अवघड.

एका_मुलीचा_बाप

मुलगी बालरोगात आहे, कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या वेळी तीनही वर्षांची फी एकदम मागितली. मी आधी वाचून गेलो होतो की इस्लामिक अकॅडमीच्या निकालाप्रमाणे एका वर्षापेक्षा जास्त आगाऊ घेता येत नाही. तसं काउंटरवर म्हणालो. तिथला माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "काका, बरोबर आहे तुमचं. तुम्ही विचार करा, तोवर मी पुढच्याला बोलावतो." रिपोर्टिंगची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. भरले.

तक्रार करणार होतो, मुलीने हात जोडले. ताळेबंद साहेब, आम्हाला "माहीत होतं" हे खरं. पण माहीत असून काय करायचं ते तुम्हीच सांगा.

ताळेबंद

काका, तुमच्याबाबतीत जे झालं ते चूकच, त्याचं समर्थन नाही. माझा आक्षेप उपायावर आहे. हे प्राधिकरण अभिमत विद्यापीठांना (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांना) लागूच नाही. मोठ्या फीची निम्मी ओरड तिथली आहे. तुम्ही उतारे मागवणार साध्या खासगी कॉलेजांचे, जिथे फी आधीच नियंत्रित आहे. ज्याच्यावर लगाम आहे त्यालाच आणखी आवळायचं आणि मोकाट आहे तो मोकाटच!

ऑनकॉल

हा मुद्दा बिनतोड आहे, माझ्या प्रस्तावात अभिमत येत नाहीत. तिथे आयोगालाच उतरावं लागेल. आयोगाने ३ फेब्रुवारी २०२२ ला निम्म्या जागांची फी सरकारी कॉलेजइतकी ठेवा असं पत्रक काढलं, अभिमत विद्यापीठांसकट. त्यालाही ठिकठिकाणी आव्हान दिलं गेलं. २०२३ च्या नियमांत आयोगाकडे १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यावेतनासाठी ती वापरायला कुणी अडवलंय? तरीही, अभिमत सुटतात म्हणून बाकीच्यांनाही सोडा, हे मला मान्य नाही.

जुना सर्जन

रात्रपाळी, डिस्चार्ज कार्डाचं लागलं मनाला. तरी पीएफ वगैरेच्या मी विरोधातच आहे.

रात्रपाळी

वकीलसाहेब, एक विचारू? परत दिलेल्या प्रत्येक चेकचा नंबर आणि तारीख मी लिहून ठेवलीय. पास होऊन, मूळ कागदपत्रं हातात आल्यावर दावा टाकला तर चालेल?

बिनकामाचा_वकील

चालेल, पण पैशाच्या वसुलीची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं आणि ती प्रत्येक चेकची वेगळी मोजली जाते. तुमचा कोर्सही तीन वर्षांचा. म्हणजे शेवटच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत पहिल्या महिन्यांचे पैसे मुदतीबाहेर जायला लागलेले असतील. थांबायचं असेल तर किती हप्ते सोडायची तयारी आहे ते आधी ठरवा. आणि चेक कुणाच्या नावाने वटला ते बँकेकडून आत्ताच लेखी घेऊन ठेवा. ट्रस्टच्या नावाने वटलाय की दुसऱ्याच कुणाच्या, यावर पुढचं बरंच ठरेल.

रात्रपाळी

दुसऱ्याच नावाने आहे.

बिनकामाचा_वकील

मग इथे आणखी काही लिहू नका. व्यनि (खासगी निरोप) करा.