मातीतला कर्ब आणि कागदावरचा टन

तापीकाठ (चोपडा):
काल येथे कोणीतरी लिहिले की, जुनी कार्बन क्रेडिट्स (एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न दिल्याची किंवा हवेतून काढून साठवल्याची विकता येणारी प्रमाणपत्रे) कागदी होती, परंतु आता उपग्रह आणि डिजिटल नोंदीमुळे टनाटनाचा हिशेब लागेल, तेव्हा खानदेशातील शेतकऱ्यांनी मातीत कर्ब (कार्बन) साठवून क्रेडिट विकण्याचे करार कंपन्यांशी खुशाल करावेत. डिजिटल नोंदीमुळे एकच टन दोघांना विकता येणार नाही, हे खरे. पण मुळात आकडाच चुकीचा असेल तर नोंदही चुकीचीच राहील. उपग्रहाला बांधावरचे झाड दिसते, काळ्या मातीतला कर्ब नव्हे. त्यासाठी ३० सेंटिमीटरपर्यंतचा नमुना, मातीची घनता आणि काही वर्षांनी पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

सातपुडा (यावल):
भाऊ, जुनी पद्धत याहून वाईट होती. जे जंगल कोणी तोडणारच नव्हते, ते 'वाचवले' म्हणून क्रेडिट विकले गेले. पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या) बांधावर पेटवण्याऐवजी कमी हवेत जाळून बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, केला, तर त्याचे वजन आणि त्यातील कर्ब प्रयोगशाळेत तपासता येतो.

केळीवाला (रावेर):
प्रयोगशाळेचे कौतुक मला सांगू नका. एकाच ढिगातली माती मी दोन पिशव्यांत, आम्हा दोघा भावांच्या नावांनी दिली. माझ्या अहवालात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के, त्याच्या अहवालात ०.६! वर मलाच शेणखत वाढवण्याचा सल्ला.

तापीकाठ:
नाना, मातीची घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली तर ३० सेंटिमीटरच्या थरात ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे हेक्टरी सुमारे ४ टन कर्ब, अर्थात १४ टन कार्बन डायऑक्साइड. तुमच्या दोन पिशव्यांच्या फरकात हेक्टरी २८ टनांचे क्रेडिट फुकट जन्मले.

सातपुडा:
दोन पिशव्यांवरून सारे मापनच खोटे ठरवणे हा अडाणीपणा आहे. नेहमीच्या तपासणीत रसायनाने सगळा कर्ब जळत नाही, उरलेला गुणकाने धरतात; नमुना पूर्ण जाळून मोजणारी यंत्रे वेगळी असतात. शिवाय अनिश्चितता जास्त असेल, तर त्या प्रमाणात क्रेडिट कापण्याचे नियम आहेत.

केळीवाला:
अडाणी म्हणालात, आभारी आहे. ही कपात कोणाच्या वाट्यातून होते, तेही या अडाण्याला सांगा. मोजणारा कंपनीने नेमलेला आणि तोटा मात्र आमचा!

तापीकाठ:
बायोचार वजनकाट्यावर चढतो, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मातीचे तसे नाही; पुढे कधी खोल नांगरट झाली आणि साठलेला कर्ब उडाला, तर भरपाई कोणी द्यायची? माझ्यासमोर आलेल्या कराराच्या मसुद्यात ती जबाबदारी शेतकऱ्यावर टाकली होती.

सातपुडा:
ते कलम येथे टाका, मग बोलू.