सल्ला हवा: डीएफआय (डीएनए तुटलेल्या शुक्राणूंची टक्केवारी) ३४ आलाय, तिसऱ्या इक्सीसाठी शुक्राणू निवडायची कोणती पद्धत घ्यावी?

कोवळं_ऊन
नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते. माझं वय ३७, नवऱ्याचं ४१. दोन इक्सी (शुक्राणू थेट बीजात टोचून केलेलं आयव्हीएफ) झाल्या. पहिल्या वेळी सात बीजं मिळाली, पाच फलित झाली. तिसऱ्या दिवशी आठ-आठ पेशींचे सुरेख गर्भ होते, मग एकेक करत थांबले. पाचव्या दिवशी हातात एकही ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांचा वाढलेला गर्भ) नाही. दुसऱ्या वेळी एक ट्रान्सफर झालं (गर्भ गर्भाशयात सोडला), रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि सातव्या आठवड्यात ठोके थांबले.

नवऱ्याची साधी वीर्यतपासणी दोन्ही वेळा 'नॉर्मल' होती: २८ मिलियन काउंट, सरळ पुढे पोहणारे ३८ टक्के, आकार ४ टक्के. आता डीएफआय केला तर ३४. डॉक्टरांनी चार नावं लिहून दिलीत: पिक्सी (हायलुरोननला चिकटणारे शुक्राणू निवडणं), मॅक्स (मरायला टेकलेले शुक्राणू चुंबकाने वेगळे काढणं), इम्सी (फार मोठ्या भिंगाखाली निवड) आणि मायक्रोफ्लुइडिक चिप (बारीक छिद्रांतून पोहून जाणारे निवडणं). आम्हाला यातली एकच परवडेल, तीही ओढाताण करून. बाकीचे पैसे इंजेक्शनं आणि फ्रीझिंगसाठी बाजूला काढलेत, त्यांना हात लावायचा नाही. शस्त्रक्रियेला नवरा तयार नाही. कुणी यातलं काही केलं असेल तर सांगा.

जुई_१२
डोळे झाकून चिप घ्या ताई. आमचा डीएफआय तर ४१ होता. चिपमध्ये सेंट्रिफ्यूज नाही, नमुना गरागरा फिरवत नाहीत. बारीक छिद्रांमधून जे शुक्राणू आपल्या ताकदीने पलीकडे पोहतात तेवढेच घेतात. चार ब्लास्टोसिस्ट मिळाले, मुलगी आता दोन वर्षांची आहे. आम्ही चिप आणि मॅक्स दोन्ही केलं होतं. पैशाकडे बघू नका, पैसे परत येतात.

पाऊलवाट
माझं मत इम्सी. साध्या इक्सीत शुक्राणू २०० ते ४०० पट मोठा दिसतो, इम्सीत निदान ६००० पट. डोक्यात पोकळी असलेला शुक्राणू साध्या भिंगाखाली चांगलाच वाटतो. आमच्या दोन सायकल साध्या झाल्या, फुकट गेल्या. तिसरी इम्सीची, मुलगा झाला.

दादासाहेब_४४
आधी यूरॉलॉजिस्टने तपासलंय का? नुसते रिपोर्ट बघून नव्हे, हाताने तपासून? मला व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) होतं आणि तीन वर्षं कुणी बघितलंच नाही, सगळे बायकोलाच इंजेक्शनं देत राहिले. ऑपरेशननंतर माझा डीएफआय ३८ वरून १९ वर आला. छोटं ऑपरेशन असतं, त्यांना घाबरू नका म्हणावं. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिने थांबायचं.

कोवळं_ऊन
दादा, शस्त्रक्रिया नको असं वर लिहिलंय. पण हाताने तपासणी खरंच झालेली नाही, ती करून घेतो.

रानजाई
आकार ४ टक्के म्हणजे ९६ टक्के बिघडलेले! याला नॉर्मल कसं म्हणतात? माझ्या मिस्टरांचे २ टक्के होते, आम्ही रात्रंदिवस रडलो होतो.

लॅबमधली
रानजाई, ४ टक्के ही जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा आहे. ज्यांच्या जोडीदाराला १२ महिन्यांच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने घेऊन त्यांतल्या खालच्या ५ टक्क्यांच्या रेषेवर ती ठरवली आहे. त्यांच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत बाकीच्या खालच्या मर्यादा अशा: काउंट १६ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे ३० टक्के. २ टक्के असूनही मुलं होतात. आणि हे सगळे आकडे बाहेरून दिसतं त्याचे आहेत. आतला डीएनए तुटलाय का, हे त्यात दिसतच नाही.

कोवळं_ऊन, मी आयव्हीएफ लॅबमध्ये काम करते. पद्धत निवडण्याआधी तीन गोष्टी सांगा. डीएफआयच्या नमुन्याआधी किती दिवसांची गॅप (वीर्य बाहेर न पडता गेलेले दिवस) होती? त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का? आणि रिपोर्टवर तपासणीचं नाव काय आहे?

सदाबहार_के
तपासण्यांच्या मागे लागू नका. अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या सहा महिने घ्या. मी घेतल्या, काउंट ९ वरून ३१ झाला. लॅपटॉप मांडीवर घेणं बंद, घट्ट कपडे बंद.

पाऊलवाट
सदाबहार, काउंट आणि डीएनए या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा काउंट चांगलाच आहे.

सदाबहार_के
चांगला बीज-शुक्राणू आतून घडतो, भिंगाने घडत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा, मी हे जगलोय.

लॅबमधली
सदाबहार, तुम्हाला फायदा झाला याचा आनंदच आहे. पण अमेरिकेतल्या मॉक्सी चाचणीत, २०२० साली, अँटीऑक्सिडंट आणि रिकाम्या गोळ्या यांत ना शुक्राणूंच्या आकड्यांत फरक पडला ना डीएनएत. कोवळं_ऊनचं वय ३७ आहे. सहा महिने थांबणं तिला परवडणारं नाही.

निशिगंधा
आमची चूक सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नमुना घेताना सुरुवातीचा थोडा भाग डबीबाहेर गेला आणि यांनी लाजून लॅबला सांगितलंच नाही. शुक्राणू सर्वांत जास्त त्या पहिल्या भागातच असतात. काउंट ११ आला, घरात सुतक पसरलं. परत केला तर ४० च्या वर. तो महिना मी कधी विसरणार नाही. काही सांडलं तर सरळ सांगायचं, लाजायचं नाही. आणि घरून नेणार असाल तर अंगाच्या उबेत, तासाच्या आत.

कोवळं_ऊन
लॅबमधली ताई, नवरा कामानिमित्त बाहेर होता, परत आल्यावर लगेच नमुना दिला. नऊ दिवसांची गॅप होती. कुणी विचारलंही नाही. ताप नव्हता. रिपोर्टवर 'हॅलो टेस्ट' लिहिलंय.

लॅबमधली
नऊ दिवस फार झाले. नेहमीच्या तपासणीचा नियम २ ते ७ दिवसांचा आहे. शुक्राणू साठून राहतात ते वृषणाबाहेरच्या नळीत, तिथे ऑक्सिडेशनचा मारा बसतो आणि जितके दिवस पडून राहतील तितका डीएनए जास्त तुटतो. दोन दिवसांच्या गॅपने, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने परत करा. हॅलोचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या आकड्याशी ताडून बघू नका.

हॅलो टेस्ट म्हणजे काय ते सांगते. शुक्राणू जेलमध्ये बसवून आधी आम्ल, मग प्रथिनं काढून टाकणारं द्रावण घालतात. ज्याचा डीएनए धड आहे, त्याचे धागे सुटून डोक्याभोवती चंद्राला पडतं तसं मोठं खळं पडतं. तुटलेल्याला खळं बारीक पडतं किंवा पडतच नाही. माणूस भिंगाखाली एकेक मोजतो. पण ज्याची ही तपासणी केली तो शुक्राणू मेलेला असतो, तो बीजात टाकता येत नाही. म्हणून तर या चारही पद्धती आडवळणाने अंदाज घेतात.

आणि तुमचे गर्भ तिसऱ्या दिवसानंतर थांबले, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गर्भाची स्वतःची जनुकं ४ ते ८ पेशींच्या सुमारास कामाला लागतात, तिथून वडिलांचा डीएनए बोलू लागतो. बीजात दुरुस्तीची ताकद असते, वयाबरोबर ती कमी होते. त्यामुळे सगळा दोष एकट्या शुक्राणूवर टाकू नका.

जुई_१२
म्हणूनच म्हणते, चिप! सेंट्रिफ्यूजनेही ऑक्सिडेशन वाढतं.

माळरान
मी वेगळंच सांगतो. आम्ही थेट वृषणातून सुईने शुक्राणू काढले. बाहेरच्या नळीत जायच्या आधीच घेतले की नुकसान कमी. दोनदा गर्भपात झाल्यावर हाच मार्ग लागू पडला. भूल देतात, दुखत नाही.

आशा_अजून
पिक्सी चुकूनही घेऊ नका. दोनदा केली, दोन्हीदा निगेटिव्ह. 'परिपक्व शुक्राणू निवडतो' म्हणून सांगतात, पावती हातात देतात, पुढे कुणी विचारत नाही.

रानजाई
पिक्सीबद्दल मीही असंच ऐकलंय. चिपच घ्या.

लॅबमधली
आशाताई, तुमचं वाईट वाटणं मी समजू शकते. पिक्सीच्या डिशमध्ये हायलुरोननचे बारीक ठिपके असतात. परिपक्व शुक्राणूचं डोकं तिथे चिकटतं आणि शेपूट जोरात वळवळत राहते, पण तो जागचा हलत नाही. मी रोज बघते. हॅबसिलेक्ट नावाची मोठी चाचणी ब्रिटनमध्ये १६ केंद्रांत झाली, २७७२ जोडपी, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. दिवस भरून जिवंत बाळ: पिक्सी २७.४ टक्के, साधी इक्सी २५.२. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. गर्भपात मात्र ४.३ विरुद्ध ७ टक्के. चाचणी मुळात गर्भपातासाठी आखलेली नव्हती, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. इम्सीने जिवंत बाळं वाढतात असा भक्कम पुरावा नाही. चिपवर अजून काम चालू आहे. माझ्या बहिणीला मी सांगेन, यातलं काहीच विकत घेऊ नकोस, गॅप कमी कर आणि अँड्रॉलॉजिस्टला (पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरांना) दाखव.

दादासाहेब_४४
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी तपासणी.

कोवळं_ऊन
महिन्याभराने लिहिते. तपासणी झाली, व्हेरिकोसील नाही. दोन दिवसांच्या गॅपने डीएफआय परत केला, २४ आला. त्या रात्री नवरा बऱ्याच दिवसांनी शांत झोपला. नऊ दिवसांची गोष्ट इथे कुणी विचारली नसती तर आम्ही ३४ चाच धसका घेऊन बसलो असतो.

आम्ही पिक्सी घेतोय. चिप, इम्सी, सुई आणि 'काहीच नको', सगळं वाचलं, घरात दोघांनी बसून बोललो. हॅबसिलेक्टच्याच आकड्यांवर २०२२ मध्ये पुन्हा काम झालं, त्यात वयाने मोठ्या जोडप्यांना पिक्सीचा फायदा जास्त दिसला, हे डॉक्टरांनी दाखवलं. पुरावा पातळ आहे, ताईंनी बजावलंय ते कळतं. पण माझा एक गर्भ सातव्या आठवड्यात गेलाय. चार नावांत गर्भपाताबद्दल एवढा तरी आकडा याच नावाला आहे, आणि चौघांत आम्हाला झेपणारी तीच आहे. नमुना त्या दिवशी एका दिवसाच्या गॅपने द्यायचा असं लॅबशी ठरलंय. इंजेक्शनं परवापासून.

लॅबमधली
एका दिवसाच्या गॅपने नमुना कमी भरेल, घाबरू नका. इक्सीला तेवढा पुरतो. त्या दिवशी नमुन्याची वेळ डबीवर स्वतः लिहा.

जुई_१२
चिप घेतली असती तर बरं झालं असतं असं अजूनही वाटतं ताई. पण तुमच्यासाठी मनापासून प्रार्थना करते. ट्रान्सफर झालं की इथे नक्की लिहा.