धंदा लोकांच्या लक्षात कसा राहिला? आपापले अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. माहेर-सासर दोन्ही समुद्रपूर तालुक्यातलं. मी आमच्याकडची वायगाव हळद विकते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाचीच खास म्हणून सरकारी नोंद) मिळालं. पण बाजारात मानांकनाचं सांगायला लागलं की बाया भाव ऐकून पुढं सरकत. मग मी शेगडी आणि दोन पातेली नेऊ लागले. दोन्हींत सारखंच वरण; एकात दुकानातली हळद, दुसऱ्यात आमची, दोन्हीकडे अर्धाच चमचा. एका आजींनी वाकून पाहिलं, "माय, इतकी पिवयी?" म्हणाल्या, चाखलं आणि पावशेर बांधून घेतली. पुढच्या बाजाराला सुनेला घेऊन आल्या.

एक चूकही सांगते. मानांकनाचं चिन्ह मी पुड्यांवर आधीच छापून घेतलं. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी लागते, हे नंतर कळलं. पाचशे पुड्यांवर पट्ट्या चिकटवत बसलो. नोंदणी आधी, छपाई नंतर.

लाखांदूरकडून
माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारीत नवी तार बांधून द्यायचं दुकान आहे. उन्हाळी धान उभं असताना मोटार जळाली, तर दोन दिवसांत बांधी (धानाचं खाचर) भेगाळते. दुकान टाकलं तेव्हा चौकात मोठा फ्लेक्स लावला होता. तो पाहून आलेला एकही गिऱ्हाईक आठवत नाही. आता बांधलेल्या मोटारीच्या स्टार्टर पेटीत, झाकणाच्या आतून, ऑइलपेंटने माझा नंबर आणि बांधणीची तारीख लिहितो. शेतकरी पेटी उघडतो, तेव्हाच त्याला माझी गरज असते. सहा महिन्यांत जळाली तर फुकट बांधीन, हेही तिथंच लिहितो. तारीख समोर असल्यावर मलाही काम कच्चं ठेवता येत नाही, तांब्याची तार चांगलीच घ्यावी लागते.

दुरुस्ती होईस्तोवर दुकानातली जुनी मोटार वापरायला देतो, भाडं घेत नाही. तशा तीन ठेवल्या होत्या. एक जळूनच परत आली, तिचा खर्च अंगावर पडला. तरी हे बंद केलं नाही. चुलबंद नदीपलीकडच्या गावांतून लोक येतात ते याच कारणानं.

साकोलीकडून
माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक असतं. पहिल्या वर्षी माइकवरून दुकानाचं नाव पुकारायला पैसे दिले. इतकी नावं पुकारली गेली की माझं कुणाला ऐकूच गेलं नाही. पुढच्या वर्षी मशीनच घेऊन मंडईत बसले. कुणाची उसवलेली शिवण, कुणाचं सैल ब्लाउज, सगळं फुकट. माहेरवाशिणी भरपूर येतात. प्रत्येकीचं माप वहीत उतरवून घेतलं. आता लग्नसराईत त्या सासरहून फोन करतात, भावाच्या हाती कापड पाठवतात. माप विचारावं लागत नाही.

वरूडकडून
संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला झाडावरच देऊन टाकायचो. यंदा आंबिया बहाराचं एकच झाड फुलाच्या आधीपासून रोज व्हॉट्सॲप स्टेटसला लावलं. ताण (फुलासाठी बंद ठेवलेलं पाणी) कधी सोडला, फळ कधी सेट झालं, गारपिटीत किती गळ झाली, तेही दाखवलं. अठ्ठावीस घरांनी आधीच पैसे देऊन पेट्या सांगितल्या. पण आपल्या संत्र्याची साल ढिली, पहिल्या खेपेत खालचा थर दबला. सगळ्यांना तेवढी फळं पुन्हा पाठवली. आता तणसाचे (धानाच्या वाळल्या काडाचे) थर देऊन पाहतोय. पेटी भरायची आणखी चांगली रीत कुणाकडं असेल तर इथंच लिहा, पुढच्या आठवड्यात तोडा आहे.