सगळ्याच गोष्टी सीमा ओलांडण्याच्या नसतात

लॅटिनो (म्हणजे अमेरिकेतल्या, लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) मुलांच्या कादंबऱ्या म्हणजे स्थलांतर आणि हालच, असं कुणी म्हटलं की मला नाही पटत. मेग मेडिनाचं 'मर्सी सुआरेझ चेंजेस गिअर्स' घ्या ना, २०१९चं न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, आहे त्याला. फ्लोरिडातली सहावीतली मुलगी, शेजारी शेजारी तीन घरांत अख्खं कुटुंब, आणि लाडके आजोबा हळूहळू विसरायला लागलेत हे घरचे तिच्यापासून लपवतात. माझ्या भाचीला नेमका त्या लपवण्याचाच भयंकर राग आला, वाचता वाचता तावातावाने सांगायला आली!

आणि नुसतं न्यूबेरी बघू नका, लॅटिनो बालसाहित्यासाठीच्या पुरा बेलप्रे पुरस्काराच्या याद्याही चाळा. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयातल्या पहिल्या पोर्तोरिकन ग्रंथपालबाईंच्या नावाने १९९६पासून देतात, विजेत्यांबरोबर ऑनर (विजेत्याखालोखालचा सन्मान) मिळालेली पुस्तकंही तिथेच सापडतील.