मुलगा २१ चा होतोय, एच-४ संपणार. डाका किंवा टीपीएस लागू होईल का?

जर्सीवाली:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी आणि मुलगा एच-४ वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर. मुलांना तो २१ पर्यंतच चालतो. मुलगा दुसरीत असताना इथे आला, आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या उन्हाळ्यात २१ पूर्ण करेल. धाकटी इथेच जन्मली, ती नागरिक. नवऱ्याची आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली याचिका) केव्हाच मंजूर झालीय, ईबी-२ या नोकरीवाल्या वर्गात, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१६ ची. ग्रीन कार्डची रांग काही हलायचं नाव घेत नाही.

परवा प्रोफेसरांनी मुलाला लॅबमध्ये पगारी मदतनीस म्हणून विचारलं. एच-४ वर मुलांना काम चालत नाही, म्हणून हा नकार देऊन आला. रात्री लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणतो, "आई, लॅबमधल्या सीनियरकडे डाका आहे, लहानपणी आलेल्या कागद नसलेल्यांना मिळते ती सवलत. त्याचे आईवडील कागदांशिवाय आलेले, तरी तो काम करतो. मग मला का नाही?" मी गप्प. एका मैत्रिणीने टीपीएस, म्हणजे इथे राहायचं तात्पुरतं संरक्षण, सुचवलंय. यातलं काही बसतं का? वकिलाकडे जाणारच आहे, पण ते मिनिटावर पैसे घेतात, तेव्हा आधी डोक्यात नीट बसवून जावं म्हटलं.

चष्मिष्ट:
दोन्ही नाही, ताई. ओबामांनी १५ जून २०१२ ला डाका जाहीर केलं तेव्हाच अट घातली होती की त्या दिवशी तुमच्याकडे वैध स्टेटस नसावं, आणि जून २००७ पासून सलग इथे राहिलेलं असावं. म्हणजे २००५ साली एच-४ वर आलेलं पोरही बाहेर! कागद सांभाळले, हीच चूक म्हणायची. शिवाय २०२१ पासून नवे अर्ज अडकलेलेच आहेत.

टीपीएस माणसाला नाही, देशाला लागू होतं. युद्ध, भूकंप असं काही झालं की सहा ते अठरा महिन्यांसाठी देतात, मग मुदतवाढ. नेपाळला २०१५ च्या भूकंपानंतर मिळालं होतं. भारत त्या यादीत नाही. आणि यातल्या कशानेही आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही. एल साल्वाडोरचे लोक २००१ पासून मुदतवाढीवरच दिवस काढताहेत.

रांगेत_उभा:
तुम्हाला बघायचंय ते सीएसपीए, रांगेत २१ ओलांडणाऱ्या मुलांसाठीचा २००२ चा कायदा. व्हिसा नंबर उपलब्ध होईल, म्हणजे रांगेत पाळी येईल, त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस पेंडिंग होती तितके दिवस वजा होतात. त्यात १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना 'फायनल अ‍ॅक्शन डेट' चा, म्हणजे ग्रीन कार्ड प्रत्यक्ष देता येतं त्या तारखांचा, तक्ता धरतात; पूर्वीचा, पाळी लवकर आली असं धरणारा सोयीचा तक्ता गेला. तुमची आय-१४० किती दिवस पेंडिंग होती?

जर्सीवाली:
जादा फी भरून प्रीमियम केली होती. पंधरा दिवसांत हातात. तेव्हा पेढे वाटले होते हो!

रांगेत_उभा:
मग पंधराच दिवस वजा. ज्यांची वर्षभर रखडली त्यांच्या पोरांना वर्ष मिळतं. जादा पैसे भरून आपण आपलंच नुकसान करून घेतलं, मीही त्यातलाच. तुमची तारीख उन्हाळ्यापर्यंत लागणं मला तरी अशक्य दिसतं. आणि धाकटीवर भिस्त ठेवू नका. ती २१ ची झाली की तुम्हाला स्पॉन्सर करू शकेल, पण भावासाठीची रांग वीस वर्षांच्या घरात आहे.

आमसूल:
आम्ही मुलीचं एफ-१, म्हणजे विद्यार्थी स्टेटस, केलं. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून आय-२० (त्यासाठीचं कॉलेजचं प्रमाणपत्र) घ्या आणि आय-५३९, म्हणजे स्टेटस बदलायचा अर्ज, २१ व्या वाढदिवसाच्या बऱ्याच आधी टाका. त्या दिवसापर्यंत अर्ज पोचलेलाच हवा. फी इंटरनॅशनल दराने लावणार का, ते आधी लेखी विचारा, तिथे आमचा घाम निघाला. स्टेटस इथेच बदललं तर पहिल्यांदा भारतात जाल तेव्हा एफ-१ चा शिक्का घ्यावा लागेल, आणि परत जायचा इरादा आहे का, असं तिथे विचारतात. सात वर्षांचा असताना आलेल्या पोराने काय सांगायचं, ते वकिलाला विचारा. नुसत्या याच प्रश्नाला तासभर द्या.

शिक्षणानंतर ओपीटी (विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी), मग एच-१बी ची लॉटरी, ६५,००० अधिक मास्टर्सवाल्यांच्या २०,००० जागा. ग्रीन कार्डसाठी मात्र तो बापाच्या जागी नाही, रांगेत शेवटून उभा राहणार.

जर्सीवाली:
आभार सगळ्यांचे. एकच राहिलं. एफ-१ झालं की ते लॅबचं काम घेता येईल का?

आमसूल:
हो, कॅम्पसवरचं चालतं. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, त्याला वेगळं वर्क परमिट लागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही त्याच नोकरीच्या पत्रावर मिळतो. प्रोफेसरांना सांगून ठेवा, जागा भरू नका म्हणून.