बी.एससी., बी.एड. (गणित) : इंग्लंडला जायचं तर आधी क्यूटीएस की आधी नोकरी?

वजाबाकी (प्रश्न)

पात्रता अशी : बी.एससी. गणित, दोन वर्षांचं बी.एड. (मेथड गणित आणि विज्ञान), २०१९ पासून नाशिकच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित. बी.एड. मराठी माध्यमातून. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने काढलाय, मार्कशीटं सगळी माहेरच्या नावाची. सोबत नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा.

१) क्यूटीएस (तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा) इथूनच मिळतो का, की तिथे परत कोर्स करावा लागतो?
२) आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) कोणती आणि किती बँडची?
३) एक एजंट 'सीओएससकट पॅकेज' (सीओएस म्हणजे व्हिसासाठी शाळेने द्यायचा कागद) म्हणून नऊ लाख मागतोय. असं काही असतं का?
४) मैत्रीण इंग्रजी शिकवते, तिलाही हेच लागू होतं का?

खडू_डस्टर

इथूनच मिळतो, आणि अर्जाला फी नाही. ज्या देशांतल्या शिक्षकांना असा थेट अर्ज करता येतो त्यांच्या यादीत फेब्रुवारी २०२३ पासून भारत आहे. सोबत घाना, हाँगकाँग, जमैका, नायजेरिया, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, युक्रेन, झिंबाब्वे. भारतीयांसाठी अट मात्र अरुंद आहे : ११ ते १६ वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता. तुम्ही त्यात बसता.

इथे 'भाषा' म्हणजे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, मँडरिन, जपानी वगैरे. इंग्रजी, हिंदी, मराठी नाही. त्यामुळे मैत्रिणीला हा रस्ता बंद. डी.एड.वाल्यांचंही इथेच अडतं, कारण त्यांचं प्रशिक्षण प्राथमिकचं आणि अट ११ ते १६ ची.

अर्ज कुठे अडकतो ते सांगतो. तुमचा विषय कोणता हे ते तुमच्या शब्दावर घेत नाहीत, कागदावर बघतात. बी.एड.च्या गुणपत्रकात 'पेडॅगॉजी ऑफ मॅथेमॅटिक्स' किंवा 'मेथड : मॅथेमॅटिक्स' असं स्वच्छ छापलेलं असलं तर उत्तम. काही गुणपत्रकांवर नुसता पेपरचा क्रमांक असतो, 'कोर्स २०४' असा. तसं असेल तर त्या क्रमांकाचा विषय आणि शिकवण्याचे वर्ग लिहिलेलं पत्र कॉलेजकडून आत्ताच घ्या. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की ऑफिसातले लोक हाताला लागत नाहीत.

दुसरा खोळंबा अनुभवाचा. तुम्ही दिलेल्या संदर्भव्यक्तीला इमेल जातो आणि तिने स्वतः उत्तर द्यायचं असतं. मुख्याध्यापकांचा शाळेच्या डोमेनवरचा पत्ता द्या. शाळेचा सगळा कारभार जीमेलवर चालत असेल तर आधी संस्थेकडून अधिकृत पत्ता सुरू करून घ्या. आणि सरांना सांगून ठेवा, नाहीतर तो इमेल स्पॅममध्ये पडून राहतो आणि तुम्हाला वाटतं लंडनवाले झोपलेत. अनुभव शाळेतलाच आणि बी.एड. झाल्यानंतरचा लिहा, क्लासेसमधली वर्षं त्यात घुसडू नका.

तळटीप

नोकरी आधी धरली तरी चालतं, नियमात जागा आहे. परदेशात प्रशिक्षित शिक्षकाला तिथल्या सरकारी अनुदानित शाळेत क्यूटीएसविना चार वर्षं शिकवता येतं. पण ती चार वर्षं तिथे शिकवलेल्या पहिल्या तासापासून कॅलेंडरप्रमाणे चालतात. मधे वर्षभर घरी बसलात किंवा भारतात आलात तरी घड्याळ थांबत नाही. अकॅडमी (ट्रस्टने चालवलेल्या शाळा) आणि खासगी शाळांना मुळात क्यूटीएसची सक्ती नाही, त्या आपल्या मर्जीने मागतात.

तरीही क्यूटीएस आधी काढा, आणि याचं कारण पगारात आहे. स्किल्ड वर्कर (म्हणजे नोकरीच्या) व्हिसावर शिक्षकाला राष्ट्रीय वेतनश्रेणीचा दर लागतो, आणि वर किमान २५,००० पौंडांची अट. २०२५-२६ मध्ये लंडनबाहेर पात्र शिक्षकाची पहिली पायरी ३२,९१६ पौंड आहे. अपात्र, म्हणजे क्यूटीएस नसलेल्या, शिक्षकाची २२,६०१. म्हणजे शाळेने तुम्हाला अपात्र श्रेणीच्या तळाला बसवलं तर तिची इच्छा असूनही ती तुम्हाला स्पॉन्सर करू शकत नाही. हातात क्यूटीएस असेल तर हा वाद उद्भवतच नाही.

एजंटचं : सीओएस म्हणजे सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. तो शाळा देते, आणि त्याची ५२५ पौंडांची फी शाळेनेच सोसायची असते. इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस नेमल्याबद्दल सरकारला द्यायचा आकार) तोही शाळेचाच. यातलं काहीही उमेदवाराकडून वसूल करायला मनाई आहे. त्यामुळे सीओएसचे पैसे मागणारा माणूस एकतर खोटा कागद देणार, नाहीतर नियम मोडणाऱ्या मालकाकडे तुम्हाला बांधून देणार. ब्रिटिश गृहखात्याची परवानाधारक स्पॉन्सरांची यादी कुणालाही उतरवून घेता येते. शाळेचं किंवा तिच्या ट्रस्टचं नाव त्यात शोधा. बऱ्याच अकॅडमींचा परवाना ट्रस्टच्या नावावर असतो, शाळेच्या नाही. आणि बदली शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला दुसऱ्याच्या शाळेतल्या रोजच्या कामासाठी स्पॉन्सर होता येत नाही, तिने कितीही गोड शब्दांत आश्वासन दिलं तरी.

इंग्रजी : 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय' (ब्रिटनच्या व्हिसा खात्याला चालणारी) द्या. साधी आयईएलटीएस नव्हे. पेपर तोच, पण व्हिसाला साधी चालत नाही आणि पैसे बुडतात. ८ जानेवारी २०२६ पासून या व्हिसाला बी-२ पातळी लागते, म्हणजे चारही भागांत किमान ५.५. एका भागात ५ आणि सरासरी ६.५ असलं तरी नापासच. क्यूटीएसलाही बी-२ च लागते, तेव्हा एका परीक्षेत दोन्ही कामं. निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन ठेवू नका.

खर्च, तिघांचा, तीन वर्षांचा, एप्रिल २०२५ ला लागू झालेल्या दराने : व्हिसा फी माणशी ७६९ पौंड, म्हणजे २,३०७. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी) मोठ्यांना वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, सगळा एकदम आगाऊ, मिळून ८,५३८. एकूण १०,८४५ पौंड, म्हणजे बारा लाखांच्या पुढे. शिवाय खात्यात २८ दिवस न हलवता १,८७० पौंड दाखवायचे (तुमचे १,२७०, नवऱ्याचे २८५, मुलाचे ३१५). शाळेने सीओएसवर पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी दिली असेल तर ते दाखवावे लागत नाहीत. मुलाखतीनंतर हे मोकळेपणाने विचारा, त्यात संकोच कसला. करार एकच वर्षाचा असेल तर अधिभारही वर्षाचाच बसतो. नवरा-मुलाला सहा महिन्यांनी बोलावलं तर तेवढा अधिभारही वाचतो.

वजाबाकी

दोघांचे आभार. नऊ लाख वाचले म्हणायचे. नावाच्या घोळाचं कुणी सांगेल का? आणि जाहिराती कधी, कुठे बघायच्या?

परिपत्रक

नावाचा घोळ आपल्याकडे दुहेरी आहे. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव दोन्ही बदलतात, आणि आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. तपासणाऱ्या इंग्रजाला 'पाटील स्नेहल अशोक मंगल' यातलं आडनाव कोणतं हे कळायचं कारण नाही. क्यूटीएसच्या अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे भरा, आणि गुणपत्रकावर वेगळं नाव असेल तर त्याचा पुरावा जोडा : विवाह नोंदणी दाखला, आणि केलं असेल तर राजपत्र. दाखला महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवंच. भाषांतरकाराची सही, तारीख, संपर्क आणि 'हे मूळाबरहुकूम आहे' असं विधान, यातलं एकही गळलं तर कागद परत येतो. नोटरीचा नुसता शिक्का म्हणजे भाषांतराचं प्रमाणपत्र नव्हे.

आयईएलटीएसची नोंदणीही पासपोर्टवरच्या नावानेच करा, स्पेलिंगसकट.

शिक्षकांच्या व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो, तो पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने राहिलात त्या प्रत्येकाचा. दुबईला शिकवून आलेल्यांनी हे आधी बघावं, कारण तिथला दाखला इथे बसून काढणं वेळखाऊ असतं. क्षयरोगाची तपासणी गृहखात्याने मान्य केलेल्याच दवाखान्यात, प्रमाणपत्र सहा महिने चालतं. आधी हे, मग सीओएस असा क्रम ठेवू नका. ऑफर हातात आल्यावर दोन्ही एकदम चालवा. सीओएस मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो.

जाहिराती : तिथे शिक्षकांना उन्हाळ्याअखेर नोकरी सोडायची तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. म्हणून सप्टेंबरच्या जागांचा हंगाम फेब्रुवारी ते मे. सरकारची मोफत 'टीचिंग व्हेकन्सीज' साइट बघा, जाहिरातीत व्हिसा स्पॉन्सर करतात की नाही ते लिहिलेलं असतं. तिथे सीव्ही चालत नाही, शाळेचा फॉर्म भरायचा असतो. त्यात दहावीनंतरचा प्रत्येक महिना कुठे गेला याचा हिशेब द्या. बाळंतपणाचे आठ महिने असतील तर तसं लिहा. मोकळी सोडलेली जागा त्यांना बालसुरक्षेचा प्रश्न वाटते आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' या सरकारी बालसुरक्षा नियमावलीचा पहिला भाग वाचून जा. मुलाने 'कुणाला सांगू नका' म्हणून काही सांगितलं तर काय कराल, हे हमखास विचारतात. उत्तर : गुप्ततेचं वचन द्यायचं नाही आणि ठरवून दिलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगायचं.

चौथा_तास

मैत्रिणीसाठी. इंग्रजी विषयाला थेट अर्ज नाही, पण आडवाटा आहेत. 'आयक्यूटीएस' हा क्यूटीएस मिळवून देणारा कोर्स भारतातल्या शाळेत शिकवता शिकवता करता येतो, फी भरावी लागते. दुसरी वाट, कोणी अपात्र श्रेणीवर (२५,००० च्या वरच्या पायरीला) घेतलं तर तिथे जाऊन 'असेसमेंट ओन्ली'. त्यात प्रशिक्षण नाही, फक्त मूल्यमापन, जास्तीत जास्त बारा आठवडे, पण किमान दोन शाळांचा अनुभव हवा. विद्यार्थी व्हिसावर पीजीसीई (तिथला शिक्षक प्रशिक्षणाचा कोर्स) हा सगळ्यात महाग मार्ग, आणि त्यानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा (शिकून झाल्यावर तिथे नोकरी करण्याचा) १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्षाचा होणार आहे.

अमेरिकेचं तिने बघायला हरकत नाही, तिथे विषयाची अट राज्य आणि शाळा ठरवतात. जे-१ शिक्षक व्हिसाला दोन वर्षांचा अनुभव लागतो, मुदत तीन वर्षं, वर एक किंवा दोन वर्षांची वाढ. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या कौशल्य यादीतून भारत वगळला गेला, त्यामुळे केवळ यादीमुळे जे-१ संपल्यावर लागणारी दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आता भारतीयांना नाही. पुन्हा शिक्षक म्हणून जे-१ वर जायचं तर मात्र दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावीच लागतात. या दोन वेगळ्या अटी आहेत, एजंट मुद्दाम एकत्र करून सांगतात.

आणि वजाबाकीताई, क्यूटीएस इंग्लंडचा आहे. स्कॉटलंडची जाहिरात आवडली तर तिथल्या शिक्षक परिषदेकडे वेगळी नोंदणी, वेगळी फी.